अंगण सजलं, पण बसतंय कोण?

एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. सारांश असा: घरामागे, पश्चिमेला अंगण आहे. घराला लागून २० फूट आणि घरापासून कुंपणापर्यंत १५ फूट. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ते हौसेनं सजवून घेतलं. मधोमध झोपाळा ("आतून छान दिसावा म्हणून"), गाद्यांचा सोफासेट, मोठी छत्री, कृत्रिम हिरवळ, छोटं कारंजं, दिव्यांच्या माळा. पहिले काही आठवडे सगळे बसले, मग बंद. बाई नोकरी करतात, संध्याकाळी साडेसहाला दमून येतात आणि आतल्याच सोफ्यावर टेकतात. मुलं १४ आणि ९ वर्षांची, ती तिकडे फिरकत नाहीत. उत्तरेकडच्या दुमजली घराच्या खिडक्या थेट अंगणावर उघडतात. नवरा म्हणतो, सगळं काढा, वर पत्रा टाका, निदान एक खोली तरी मिळेल. बाईंना वाटतं, मुळात डिझाइनच चुकलं. आता जाणकाराकडून नव्यानं करून घ्यावं. लाकडी मांडव, बाहेरचं स्वयंपाकघर, मोठा दगडी कट्टा. आणि पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य: "सासरे तेवढे रोज सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर पेपर वाचत बसतात, पण ती जागा अगदीच ओबडधोबड आहे, शेजारी कपड्यांची दोरी." दोघांपैकी बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. पण तुमच्या घरात बाहेर बसण्याची एक जागा उत्तम चालू आहे, रोज, कुणी न सांगता. तिच्यावर तुम्ही एक पैसाही खर्च केलेला नाही. मग आधी तिच्याकडेच नीट बघू या.

तुमचे सासरे तिथे का बसतात? अंगण पश्चिमेला, म्हणजे सकाळी घराचीच सावली त्याच्यावर पडते. सूर्य घराच्या पलीकडे असतो, डोक्यावर यायला दुपार होते. पेपर वाचायला उजेड भरपूर, पण डोळ्यांवर ऊन नाही. पाठीशी घराची भिंत आहे, म्हणजे मागून कोण येतंय याची काळजी नाही. समोर सगळं अंगण मोकळं. दार हाताशी, चष्मा राहिला, फोन वाजला, कुणी हाक मारली तर उठून दोन पावलांत आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसण्याआधी काहीही करावं लागत नाही. पुसायचं नाही, उघडायचं नाही, गादी आणून टाकायची नाही. बसायचं.

पाठ झाकलेली आणि समोर मोकळं, ही गोष्ट वाटते त्यापेक्षा खोलवरची आहे. जे ॲपल्टन नावाच्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञानं १९७५ मध्ये असा विचार मांडला की, जिथून आपल्याला सगळं दिसतं पण आपण स्वतः आडोशाला असतो, अशा जागा माणसाला आवडतात. तो खरा की खोटा, यावर वाद घालणारे घालोत. तुम्ही फक्त तुमच्या झोपाळ्यावर बसून बघा. अंगणाच्या मधोमध, चारही बाजूंनी उघडा, वरून शेजारच्यांच्या खिडक्या. तो झोपाळा मला रंगमंचावर ठेवल्यासारखा वाटतो. बसणारा माणूस प्रेक्षक नाही, नट. दिवसभर कचेरीत लोकांसमोर वावरून आलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा नट व्हायची हौस का असावी?

"आतून छान दिसावा म्हणून" हे तुमचेच शब्द आहेत. ते चूक नाहीत, पण त्यातून एक कळतं. हे अंगण बघण्यासाठी केलं गेलं, आणि बघण्याचं काम ते चोख करतंय. फोटो छान येतात, असंही तुम्ही लिहिलंय. बसण्यासाठी मात्र ते कधी केलंच नव्हतं. तेव्हा "डिझाइन चुकलं" यापेक्षा मी म्हणेन, प्रश्न वेगळा होता आणि उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं मिळालं. जाणकार बदलून, तोच प्रश्न त्याच्यापुढे ठेवलात, तर तो तुम्हाला आणखी महागडं चित्र काढून देईल. मांडव, कट्टा, बाहेरची शेगडी. पुन्हा नव्याचे नऊ दिवस.

आणि एक विचारू? तुम्हाला खरंच बाहेर बसायचं आहे का? रागावू नका. साडेसहाला घरी आल्यावर पहिला अर्धा तास तुम्हाला काय हवं असतं, ते तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. एकटीनं गप्प बसायचं असतं? मुलांशी बोलायचं असतं? पाय वर करून फोन बघायचा असतो? तिन्हींना जागा वेगवेगळी लागते. पहिलीला कोपरा, दुसरीला जरा ऐसपैस, समोरासमोर नाही तर काटकोनात बसता येईल अशी. तिसरीला आतला सोफा पुरतो आणि त्यात कमीपणा काही नाही. "आराम" हा शब्द फार ढोबळ आहे. कोण, किती वाजता, काय करत बसणार, हे ठरलं की निम्मं डिझाइन आपोआप होतं. मुलांचं म्हणाल तर १४ वर्षांचं मूल शेजाऱ्यांच्या खिडक्यांखाली आईबापांसोबत झोपाळ्यावर बसेल, ही अपेक्षा मी तरी सोडून दिली असती. ९ वर्षांच्या मुलाला बसायला जागा नकोच असते, सांडलवंड करायला हवी असते. कृत्रिम हिरवळीवर ती करता येत नाही.

तर काही पाडण्याआधी आणि काही बांधण्याआधी एक काम करा. घरातली एक हलकी खुर्ची उचला आणि बाहेर न्या. साधी, एका हातानं उचलता येईल अशी. दोन आठवडे संध्याकाळी ती घेऊन बाहेर जा आणि जिथे बरं वाटेल तिथे ठेवून दहा मिनिटं बसा. बरं नाही वाटलं तर सरकवा. शेवटी जिथे राहील तिथे जमिनीवर खडूनं खूण करा आणि वेळ लिहा. घरातल्या इतरांनाही सांगा, पण जबरदस्ती नको.

हे काही मी घरबसल्या काढलेलं खूळ नाही. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या लहान चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे, कसे बसतात ते वर्षानुवर्षं पाहिलं. त्याची निरीक्षणं १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातलं सर्वांत गाजलेलं इतकं साधं आहे की हसू येतं: लोक तिथेच बसतात, जिथे बसायला जागा असते. दुसरं मला जास्त आवडतं. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडीशी हलवतो. कधी सावलीकडे, कधी कुणाच्या जवळ, कधी कुणापासून लांब, आणि कधी तर फिरवून पुन्हा जवळपास तिथेच ठेवतो. ती दोन इंचांची हालचाल म्हणजे जागा आपली करून घेणं. गाद्यांचा सोफासेट दोघांनी मिळूनही हलत नाही, आणि तुम्हाला हवा असलेला दगडी कट्टा तर कधीच हलणार नाही.

खुर्ची कुठे जाईल ते मी सांगणार नाही, पण तिला कशाकशाचा त्रास होईल याचा अंदाज आहे.

पहिला त्रास उन्हाचा, आणि तोही सूर्य खाली गेल्यावरचा. पश्चिमेचं अंगण दुपारी बारापासून तापायला लागतं. घराची मागची भिंत, फरशी, कुंपण, सगळे ती उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ ती बाहेर टाकत राहतात. त्यात कृत्रिम हिरवळ. खऱ्या गवतातून पाण्याची वाफ होते म्हणून ते थंड राहतं. प्लॅस्टिकचं गवत तापतं आणि बस. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. तुम्ही साडेसहाला दार उघडता तेव्हा बाहेरची हवा कदाचित आतल्याइतकीच असेल, पण भिंत आणि जमीन अंगावर शेकत असतात. दमलेल्या माणसाला त्याचं कारण कळत नाही, नकोसं वाटतं एवढंच कळतं.

पण छत्री आहे की! छत्रीचं गणित ऐका. दुपारनंतर सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आला की ७ फूट उंचीवरच्या छत्रीची सावली जवळपास १२ फूट लांब जाऊन पडते. तुमची छत्री अंगणाच्या मध्यावर, म्हणजे घरापासून साडेसात फुटांवर. पश्चिमेचं ऊन सावली पूर्वेकडे ढकलतं आणि पूर्वेला तुमचं घर. तीन वर्षं ती छत्री संध्याकाळी इमानेइतबारे घराच्या भिंतीला सावली देते आहे. खाली बसलेला माणूस उन्हातच.

लाकडी मांडवाचीही तीच गत होईल. डोक्यावरच्या पट्ट्या दुपारच्या उन्हासाठी ठीक. संध्याकाळचं तिरपं ऊन त्यांच्या खालून सरळ आत येतं. पश्चिमेला आडोसा उभा लागतो. कुंपणाच्या बाजूला जाळीवर चढवलेला दाट पानांचा वेल, बांबूचा पडदा, वर गुंडाळता येणारी जाड कापडी चिक, काहीही चालेल. वेल मला सगळ्यांत आवडतो, कारण पानं स्वतः तापत नाहीत आणि मधून वारा येऊ देतात. पूर्ण बंद भिंतीवर वारा आपटून वरून उलटा खाली येतो आणि पलीकडे भोवरे करतो. साधारण निम्मा वारा आरपार जाऊ देणारा आडोसा त्याहून बरा. वेलाची जाळी भिंतीला चिकटवू नका, हात आत जाईल एवढं अंतर ठेवा, नाहीतर भिंतीचा गिलावा ओला राहतो आणि रंगवायची वेळ आली की वेल मुळापासून कापावा लागतो. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात एखादं लहान झाड लावलंत तर आणखी चांगलं. लहानच हं! १५ फुटांच्या अंगणात मोठं होणारं झाड लावणाऱ्यांची घरं मी पाहिली आहेत; दहा वर्षांनी ती मुळांशी भांडत असतात.

दुसरा त्रास खिडक्यांचा. तुमच्या मनात उत्तरेचं कुंपण उंच करायचं असेल, तर थांबा. वरच्या मजल्यावरून बघणाऱ्यापुढे सहा फुटांची भिंत काही कामाची नाही, सात फुटांचीही नाही. तिथे नियम उलटा आहे: आडोसा जितका बसणाऱ्याच्या जवळ, तितका तो लहान पुरतो. टोपीची झालर हातभर रुंद नसते, तरी डोळ्यांवर सावली धरते, तसंच. बसायच्या जागेच्या अगदी वर, उत्तरेकडे कललेला चार-पाच फुटांचा कापडी तुकडा, नाहीतर एखादी फांदी, एवढ्यानं वरची खिडकी नाहीशी होते. इथे तुमची ती बिचारी छत्री कामाला येईल. उत्तरेकडे वाकवा तिला. तीन वर्षांनी का होईना, गंगेत घोडं न्हायलं म्हणा.

तिसऱ्या त्रासाचं नाव गाद्या. त्या तुम्ही कुठे ठेवता? पावसानं भिजतात, उन्हानं विटतात, धूळ बसते, म्हणून आतल्या कपाटात असणार. म्हणजे बसायचं ठरलं की कपाट उघडा, चार गाद्या बाहेर न्या, सोफा पुसा, बसा, मग पुन्हा सगळं आत. दमलेली बाई हे रोज करेल? मी नाही करणार. बाहेरच्या जागेची परीक्षा मी अशी घेते: मनात आल्यापासून बूड टेकेपर्यंत किती सेकंद लागतात? तुमच्या सासऱ्यांना पाच लागतात. मागच्या दारालगत झाकणाची एक पेटी ठेवा, तीत दोनच गाद्या. पेटीवरही बसता येईल. बाकीच्या दोन गाद्या आणि सोफ्याचा मोठा तुकडा देऊन टाका. जिवावर येईल, पण द्या.

बसायच्या वस्तूंची मापं एकदा सांगून टाकते, कारण दुकानात त्या सगळ्याच आरामशीर दिसतात. टेकून गप्पा मारायच्या तर बैठक जमिनीपासून ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच हवी. त्याहून खाली गेलात तर बसणं सुखाचं, उठणं कष्टाचं, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर ४५-४८ आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना भक्कम दांडे. टेबलाशी खुर्ची ठेवली तर ती मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून ७५ ते ९० सेंटिमीटर मोकळे लागतात. हे विसरल्यामुळे कितीतरी छान टेबलं भिंतीला खेटून पडून राहतात. झोपाळ्याला पुढेमागे मिळून ५-६ फूट लागतात. तुमचा झोपाळा मोडीत काढू नका, फक्त मधून हलवा. घराच्या भिंतीकडे पाठ करून, झोका मागे जाईल एवढी जागा सोडून ठेवा. आतून तो दिसणार नाही. असू द्या.

प्रत्येक बसणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर काहीतरी ठेवायला सपाट जागा असू द्या. पुस्तक, कप, चष्मा. एक स्टूलही पुरतं. नसली की माणूस सारखा उठतो आणि मग उठलेला परत बसत नाही.

दिव्यांच्या माळांबद्दल. त्या मला फोटोत आवडतात, डोक्यावर आवडत नाहीत. उघडा बल्ब डोळ्यांसमोर आला की त्याच्यापलीकडचं सगळं काळं दिसतं, म्हणजे अंगणच दिसेनासं होतं. दिवा असा हवा की उजेड दिसावा, बल्ब दिसू नये. खाली, पायांच्या उंचीवर, झाडाच्या बुंध्यामागे, पायरीच्या खाली. रंग पिवळसर: खोक्यावर २७०० केल्विन किंवा त्याहून कमी आकडा बघून घ्या. पांढऱ्या-निळ्या उजेडावर किडे जास्त येतात, पिवळसरावर कमी. बाहेरचा दिवा आणि जोडणी पाऊस सोसणारी असावी (आयपी ४४ किंवा त्याहून वरचा आकडा) आणि त्या वायरीवर विजेची गळती ३० मिलीअँपिअर झाली की वीज तोडणारा सुरक्षा स्विच असायलाच हवा. इथे घरच्या घरी जुगाड नको.

कारंजं. यावर मी अनुभवाचे बोल सांगू शकते, कारण माझ्याही गच्चीवर एक होतं. पाण्याचा आवाज ऐकत बसायचं म्हणून हौसेनं आणलं. पहिल्या महिन्यात पंप गुरगुरायला लागला. पाण्यापेक्षा त्याचाच आवाज मोठा. म्हणून बंद ठेवायला लागले. बंद ठेवलं की साचलं. एका रविवारी आत वाकून पाहिलं तर पाण्यात बारीक बारीक स्वल्पविराम वळवळत होते. डासांची अंड्यापासून उडेपर्यंतची मजल उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक साचलेलं पाणी ओतून, भांडं घासून कोरडं करायला हवं. कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा. मी शेवटी कारंज्यात माती भरून रोप लावलं. तुमचं चालू असेल आणि रस्त्याचा आवाज झाकत असेल तर जरूर ठेवा. नुसतं शोभेला असेल तर माझ्यासारखं करा. डासांसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे पंखा. डास उडण्यात कच्चे असतात, पायांशी फिरणाऱ्या साध्या टेबलपंख्याच्या झोतात त्यांना टिकता येत नाही. शिवाय वारा मिळतो तो वेगळाच.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. पत्रात ते जरा खलनायक झालेत, पण त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे: इतकी जागा तीन वर्षं नुसती पडून आहे आणि झाडून पुसून तुम्ही दमताय. त्यांना खोली कशासाठी हवी आहे, हे तुम्ही विचारलंय का? घरात खरोखर अडचण असेल, मोठ्या मुलाला अभ्यासाला जागा नसेल, तर तो प्रश्न अंगणापेक्षा मोठा आहे आणि त्याचा स्वतंत्र विचार करा. अडचण नसेल आणि हा केवळ वैताग असेल, तर पत्रा टाकण्याआधी मागच्या खोल्यांत भर दुपारी दिवे न लावता उभे राहून बघा. पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारा उजेड आणि वारा तो पत्रा कायमचा खाईल. उन्हात तापलेला पत्रा खाली भट्टी करतो, पावसात त्याच्याखाली बोलणं ऐकू येत नाही.

शिवाय खिडकीतून दिसणारं हिरवं यालाही किंमत आहे. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकांचा १९८४ मधला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोड्या लावून ताडून पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तेव्हा अंगण बघण्यासाठी केलं याला मी मघाशी नावं ठेवली, ती अर्धी मागे घेते. बघण्यासाठी झाडं असू द्यात, सोफासेट कशाला?

तुमच्या तीन इच्छांबद्दलही स्पष्ट बोलते. बाहेरचं स्वयंपाकघर सोडून द्या. खरं स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे, आणि दोन ओटे म्हणजे दोन ओटे पुसणं. कट्टा चांगला, पण तो शेवटी बांधायची गोष्ट आहे. खडूच्या खुणा वर्षभर एकाच जागी पडत राहिल्या तर तिथे बांधा. उन्हाळ्यातल्या आणि थंडीतल्या खुणा वेगळ्या निघतील, म्हणून वर्ष म्हणते. मांडव करायचाच असेल तर वेलासाठी करा, आणि पश्चिमेची बाजू उभी झाका. जाणकाराला बोलवायला माझी हरकत नाही. फक्त त्याला फोटो दाखवू नका, खुणांचा कागद दाखवा. "संध्याकाळी सात, इथे, एकटी, पाठ भिंतीला" असं लिहिलेला कागद हातात पडला की चांगला माणूस खूश होतो. जो त्याकडे न बघता फोनवरची चित्रं काढायला लागेल, त्याला रामराम करा.

फरशीला हात लावायची वेळ आली तर उतार घरापासून लांब, मीटरला एक ते दोन सेंटिमीटर. गुळगुळीत फरशी बाहेर नको, ओली झाली की घसरते. गडद रंगही नको, तापतो. कृत्रिम हिरवळ मात्र उद्याच काढलीत तरी चालेल. खाली माती असेल तर एक वाफा ९ वर्षांच्या मुलाच्या ताब्यात द्या आणि त्यात काय उगवतं हे विचारू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी अनेकांकडे अंगण नसेल. बाल्कनीवाल्यांसाठी एक आकडा: ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये लिहून ठेवलंय की सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी फारशी वापरली जात नाही. तुमची चार फुटांची असेल तर तोडून वाढवता येणार नाही, पण एक करता येतं. बाहेर तोंड करून बसायचा हट्ट सोडा. एका टोकाला, बाजूच्या भिंतीला पाठ लावून, लांबीच्या दिशेनं बसा. पाय पसरायला जागा मिळते आणि समोरच्या घरातल्या माणसाशी नजरानजर होत नाही. कठड्याला फळी अडकवली की कप ठेवायची सोय. कुंड्या एका टोकाला दाटीनं ठेवा, सगळ्या कडेनं एकेक रांगेत मांडल्या तर फूटभर जागा जाते आणि बाग काही होत नाही.

गच्चीवाल्यांनी आधी वजनाचा विचार करावा. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते, म्हणजे एक फूट जाडीचा वाफा चौरस मीटरला ४५० ते ६०० किलो. घरगुती गच्चीचं गणित अनेकदा चौरस मीटरला १५० ते ३०० किलो धरून केलेलं असतं. इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफे नकोत, पाण्याच्या टाक्या नकोत. हलक्या कुंड्या, त्याही खाली भिंत किंवा तुळई असेल त्या रेषेवर, आणि पायांवर उचललेल्या, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल. पाणी जायचं तोंड कुठल्याही सजावटीखाली झाकू नका. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर काही बांधूच नये. एक खुर्ची, एक स्टूल, दोन मोठी रोपं, एक दिवा. घर बदललं की ही सगळी बैठक एका फेरीत हलते.

पुन्हा तुमच्याकडे येते. पायरीचं काय करायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळं नव्यानं करायचं म्हटल्यावर पहिला हात तिच्यावरच पडणार म्हणून सांगते. तिला दगड लावू नका, रंगवू नका. दाराशेजारी भिंतीत धरून उठायला एक दांडा बसवा. हात टेकायचे दांडे असलेली एक खुर्ची तिथे जवळ ठेवून द्या, "तुमच्यासाठी आणली" असं न म्हणता. सासरे तिच्यावर बसले तर उत्तम, नाही बसले तर ती तुमची.

आणि कपड्यांची दोरी काढायचं ठरवण्याआधी ती पायरीच्या कुठल्या बाजूला आहे ते एकदा बघून या. उत्तरेला असेल, तर सकाळी वाळत घातलेली चादर शेजारच्या खिडक्या आणि पेपर वाचणारा माणूस यांच्या बरोबर मध्ये येत असणार. मग ती दोरी तिथे बांधली कुणी, हे घरात विचारून बघा.